सकाळी सातचा अहवाल

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांची थप्पी. एका टेबलावर जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा.)

ही पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, बघा. कागद पिवळा पडलाय, कार्बनची निळी अक्षरं मात्र अजून वाचता येतात. वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव, खाली पोती, वजन, दर. मग हमाली आणि तोलाई वजा. शेवटी हातात पडणारी रक्कम, आकड्यात आणि अक्षरी. सौदा झाला की दुकानाचा हिशेब ठेवणारे दिवाणजी ही लिहायचे. एक प्रत शेतकऱ्याच्या खिशात, एक दुकानाच्या तारेला.

मालकाचा अहवाल वेगळा. रोजमेळ (दिवसाच्या जमा-खर्चाची वही) जुळला, खतावणी (ज्याच्या त्याच्या खात्यावर नोंद) झाली की संध्याकाळी दिवाणजी गादीजवळ येऊन बसायचे. आज आवक किती, कोणाचं येणं थकलं, बँकेत शिल्लक काय. हे सगळं वहीतलं. आणि जाता जाता, हलक्या आवाजात, वहीत नसलेलं एक वाक्य: ‘त्यांना पुढचा माल देताना जरा थांबू या.’

हे वाक्य ते फक्त मालकालाच सांगायचे. कोणाला काय सांगायचं आणि कोणाला नाही, हे कळणं हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग होता.

(दृश्य: संगणकाचा पडदा. टॅलीचा हिरवट-निळा मेनू.)

१९८६ साली बंगळुरूत सुरू झालेली टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर, पुढे पेठापेठांत पोचली. एकदा नोंद केली की रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद आपोआप तयार. हिशेब सुटला, पण अहवाल पोचवायचं ओझं तसंच राहिलं. हळदीच्या हंगामात अकाउंटंट रात्री उशिरापर्यंत बसून टॅलीतले आकडे एक्सेलमध्ये चिकटवायचे. प्रत्येक वसुलीवाल्याची यादी वेगळी, गोडाऊनची वेगळी, मालकाची वेगळी. आधी प्रिंट, मग फॅक्स, मग ईमेल. एकाच आकड्याची चार ठिकाणी नक्कल. चूक व्हायची ती इथंच.

आता हे सगळं घड्याळावर चालतं. ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम हिशेबातून आकडे उचलतो आणि ठरलेल्या साच्यात मांडतो. मग त्या एका मोठ्या अहवालाचे तुकडे करून ज्याचा त्याला तुकडा पाठवतो. मिरजेकडची उधारी बघणाऱ्याला मिरजेचीच यादी, तासगावकडच्याला तासगावची. या कामाला बर्स्टिंग म्हणतात. पूर्वी हे मोठ्या कंपन्यांनाच परवडायचं. आज यार्डातल्या तीन टेबलांच्या दुकानातही सकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते.

पुराचाही यात हात आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली. मारुती चौक, हरभट रोड पाण्याखाली गेले. ज्यांचा हिशेब खालच्या फडताळात होता, त्यांना तो उन्हात वाळवावा लागला. हिशेब गावाबाहेरच्या सर्व्हरवर असावा, हे पटवायला त्यानंतर कोणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही.

(दृश्य: जीएसटीच्या संकेतस्थळावरचं एक विवरणपत्र.)

न मागताच येऊन पडणारा सर्वांत मोठा अहवाल मात्र सरकारचा आहे. जीएसटीआर-२बी, तुमच्या खरेदीवरच्या कराचा गोषवारा. ऑगस्ट २०२० पासून दर महिन्याच्या १४ तारखेला तो तयार होतो आणि त्यात तुमचं स्वतःचं लिखाण एक ओळही नसतं. तुम्हाला माल विकणाऱ्यांनी भरलेल्या विवरणपत्रांतून तो जुळतो. समजा, तुम्ही बारदान घेतलं, पैसे चुकते केले, पण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या त्या पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरलंच नाही. तुमचं बिल त्या महिन्याच्या २बीमध्ये दिसणार नाही. आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथं न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या आळसाची किंमत तुमच्या खिशातून. म्हणून १०-११ तारखेला यार्डात फोन सुरू होतात: ‘रिटर्न भरलं का हो?’ अहवाल यंत्राने तयार केला, पण तो बरोबर यावा म्हणून तगादा अजून माणसानेच लावायचा असतो.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. या कामात मीही होतो. एका अडत दुकानासाठी येणेबाकीची यादी मी लावून दिली होती: ज्याची बाकी, त्याच्याच मोबाइलवर, दर सोमवारी. एका रविवारी कोणीतरी फाइलमधली नावं अकारविल्हे लावली. मोबाइल नंबरांचा रकाना मात्र जागीच राहिला. सोमवारी सकाळी प्रत्येकाची उधारी भलत्याच्याच फोनवर गेली. कोणाकडे किती थकलंय हे शेजारच्या गाळ्यात कळलं. या पेठेत पत हेच भांडवल. दिवाणजी जे वाक्य आयुष्यभर हलक्या आवाजात बोलले, ते माझ्या प्रोग्रॅमने दोन मिनिटांत चव्हाट्यावर आणलं. दुकानाच्या मालकांनी त्या दिवशी गाळ्यागाळ्यात जाऊन हात जोडले. मी त्यांच्या मागे उभा होतो.

त्यानंतर मी यादी नावावरून लावणं सोडलं. प्रत्येक खात्याला क्रमांक, मोबाइल नंबर त्या क्रमांकालाच बांधलेला. आणि पाठवण्याआधी एक माणूस बघणार, हा नियम. दर तीन महिन्यांनी कोणाला काय जातं तेही तपासायचं, कारण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर अहवाल महिनोन्‌महिने जात राहतात. रोज वीस अहवाल पाठवण्यापेक्षा बाकी ठरल्या मर्यादेपलीकडे गेली तरच कळवावं, या मतालाही मी आता आलोय. रोज येणारं कोणी उघडत नाही.

(दृश्य: त्याच दुकानातलं टेबल. सकाळ. अकाउंटंट ताई चष्मा लावून पडद्याकडे बघतात.)

सहा पन्नास. अहवाल तयार आहे, पण गेलेला नाही. ताई तीनच आकडे बघतात: कालची आवक, रोख शिल्लक, गोडाऊनचा साठा. पहिले दोन जुळतात. कुपवाडच्या गोडाऊनचा साठा परवाइतकाच दिसतोय, आणि काल तिथून ट्रक भरून गेल्याचं त्यांना आठवतं. रात्रीची नोंद चढलेलीच नाही.

त्या पाठवायचं बटण दाबत नाहीत. फोन लावतात.

‘दादा, काल किती पोती गेली? थांबा, लिहून घेते.’