लवकर निजे, हे कुणी खाल्लं?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? मला पाऊण तास दिलाय, त्यातली बारा मिनिटं शाल-नारळात गेली, तक्रार नाही, नारळ चांगला आहे. विषय आहे शरीराचं घड्याळ आणि अभ्यास. ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवली, पहिला तास कायम माझाच असायचा सकाळी सातला, त्यामुळे झोपलेली पोरं मी जेवढी बघितलीत तेवढी एखाद्या आईनंपण बघितली नसतील.

आपण सगळ्यांनी पाठ केलंय, लवकर निजे लवकर उठे, त्यास ज्ञान आरोग्य संपत्ती भेटे. यातलं पहिलं, ‘लवकर निजे’, ते कुणाच्या घरी पाळतात? हात वर करा. तीन. त्यातले दोघं सत्तरीच्या पुढचे दिसतायत. मग ते ‘लवकर निजे’ कुणी खाल्लं हो? उठवायचं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आमचं घर गावभागात. वडील मला दहावीला पहाटे चारला उठवायचे. म्हणजे हाक नाही मारायचे, पांघरूण ओढायचे आणि कृष्णेवरून फिरून आलेला तो थंडगार हात कपाळावर ठेवायचे. मी चरफडत पुस्तक घेऊन मागच्या न्हाणीत बंबापाशी बसायचे, तिथं ऊब असायची ना. एकदा हृदयाची रचना पाठ करत होते, चार कप्पे, झडपा, मोठ्यानं म्हणतेय म्हणतेय आणि मान कधी खाली गेली कळलंच नाही. करपल्याचा वास आला, आईला वाटलं दूध गेलं उतू, ती स्वयंपाकघरात धावली आणि दूध तर जागेवर, मग आली मागं, तर माझ्या वेणीचं टोक बंबाच्या तोंडाशी, शेवटची दोन बोटं वेणी जळून गेलेली! वडील काय म्हणाले माहितीये? “केस परत येतात, दहावी नाही.” आणि त्या परीक्षेत हृदयाचा प्रश्न आला बरं का. मला त्या पहाटेचा वास आठवला, बंबातली राख आठवली, आईचा पदर आठवला. झडपा नाही आठवल्या.

आता वडिलांची बाजूपण सांगते, नाहीतर वरून ऐकत असतील. ते साडेआठला झोपायचे. वय वाढलं की घड्याळ आपोआप पुढं सरकतं, माणूस लवकर पेंगतो, लवकर उठतो. आपण त्याला संस्कार म्हणतो. आणि वयात येणाऱ्या पोरांचं नेमकं उलटं होतं, त्यांना झोपच उशिरा येते, संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, तेच उशिरा वाढायला लागतं. मोबाईलनं त्यात भर घातली हे खरं, पण आमच्या घरी कुठे होता मोबाईल? माझा डोळा तरी अकराशिवाय लागायचा नाही. पहाटे चारला वडिलांची झोप पुरी झालेली आणि माझी मध्यरात्र चालू.

हे घड्याळ म्हणजे नुसती सवय नाही बरं. १७२९ मध्ये द मेरां नावाच्या फ्रेंच माणसानं लाजाळूसारखं झाड अंधारात ठेवलं, तरी पानं आपल्या वेळेला उघडायची-मिटायची. आणि केळ्यावर जी चिलटं बसतात, फळमाश्या, त्यांच्यातले घड्याळाचे जीन उलगडले म्हणून २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना नोबेल मिळालं. आपण त्या चिलटांना फडक्यानं मारतो.

चिठ्ठी आली बघा. “पाच मिनिटं.” आणि मुख्य विषय तर राहिलाच की. भरभर सांगते.

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात ना, त्याच्या जरा वर जेमतेम वीस हजार पेशींचा पुंजका आहे, तो मुख्य घड्याळ. माणसाचं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं, सकाळचा उजेड ते रोज जुळवून घेतो, म्हणून पोरांना उठल्यावर गच्चीत नाहीतर अंगणात पाठवा. पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा लक्षही कमीच लागतं. आणि स्मरणशक्तीचं म्हणाल तर वाचलेलं पक्कं होतं झोपेत, दिवसा हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी नोंदवणाऱ्या भागात, जे नोंदलं जातं ते गाढ झोपेत परत परत उगाळलं जातं. १९२४ सालीच जेन्किन्स आणि डालेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की पाठ करून झोपलं तर कमी विसरतं, जागं राहिलं तर जास्त. त्यामुळं झोप तोडून पाठांतर म्हणजे दही लागायच्या आत घुसळायला घेतल्यासारखं.

आता माझं खरं दुखणं. आपल्या राज्य सरकारनं २०२४ मध्ये आदेश काढला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. चांगलंच केलं. पण चौथीतलं पोर सहाला स्वतःहून उठून बसतं हो! उशिराची गरज आहे आठवी ते बारावीला. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे, तिथं बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे मोठ्यांचा क्लास सहाला.

परत चिठ्ठी. बरं, बसते. भाचा मला न्यायला आलाय, बाहेर गाडीवरच मान टाकून झोपलाय, बारावीला आहे. उद्या सकाळी सहाला टेस्ट आहे त्याची, आणि विषय बायोलॉजी.