डल्सिमर: एक नाव, दोन वाद्यं

नमस्कार मंडळी. टेबलावर दोन वाद्यं ठेवली आहेत आणि दोन्हींचं नाव डल्सिमर. एक लांबट, कमरेत बारीक, तीन-चार तारांचं, मांडीवर घेऊन छेडायचं. दुसरं म्हणजे समलंब चौकोनी खोकं, पन्नासेक तारांचं, काठ्यांनी वाजवायचं. नाव एक म्हणून घराणं एक, असं मात्र नाही. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'गोड' आणि ग्रीकमधलं 'गीत' आहे. काठ्यांनी वाजणाऱ्या वाद्याचं ते जुनं नाव. पुढे अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरात मांडीवरच्या वाद्यालाही तेच चिकटलं, आणि तेव्हापासून दुकानात गोंधळ सुरू आहे. 'डल्सिमर शिकायचंय' म्हणालात की पहिला प्रश्न येतो, 'कुठलं?'

मांडीवरच्या वाद्याचा पूर्वज म्हणजे जर्मन स्थलांतरितांनी नेलेला शायटहोल्ट, एक साधी लांब पेटी, पडद्यांची, म्हणजे तार दाबायच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची. डोंगरात स्कॉटिश-आयरिश गाणी गाणाऱ्यांच्या हाती तो पडला आणि त्याचं रूप पालटलं. केंटकीच्या नॉट काउंटीत जे. एडवर्ड थॉमस यांनी 1871 पासून वाळूच्या घड्याळासारख्या आकाराची डल्सिमरं बनवली, तो आकार आजही दिसतो. केंटकीच्याच गायिका जीन रिची यांनी हे वाद्य न्यूयॉर्कच्या श्रोत्यांपर्यंत नेलं. 2001 मध्ये केंटकीनं ते राज्याचं वाद्य ठरवलं. काठ्यांचं डल्सिमर मिशिगनमध्ये चांगलं रुजलं. तिथे वादकांचा क्लब 1963 पासून आहे आणि एव्हार्ट गावात त्याचा मेळा भरतो. हे वाद्य आपल्या संतूरच्या आणि इराणी संतूरच्या कुळातलं. पंडित शिवकुमार शर्मांना ऐकलेल्याला याचा नाद परका वाटणार नाही.

या दोन्ही वाद्यांत सुरांची मांडणी कारागिरानं आधीच करून ठेवलेली असते. पेटीवर किंवा व्हायोलिनवर नवखा माणूस चुकीचा सूर शोधत फिरतो, तसं इथे फारसं होत नाही. इथे शिकायचा तो हात. मांडीवरच्या वाद्यात उजवा हात, आणि काठ्यांच्या वाद्यात 'आता कुठला हात' हा हिशेब.

आधी मांडीवरचं. याचे पडदे बघा, समान अंतरावर नाहीत. गिटारवर बारा स्वरांचे पडदे असतात, इथे मधले गाळले आहेत. मोकळ्या तारेला सा धरलं तर पहिला पडदा रे, दुसरा ग, तिसरा म, चौथा प, पाचवा ध, सहावा कोमल नी आणि सातवा वरचा सा. ओळखलंत ना? हा खमाज थाट, म्हणजे खमाजचा सात स्वरांचा साचा. आजकाल सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक जादा पडदा बसवतात, त्याला साडेसहावा म्हणतात. तो शुद्ध नी. म्हणजे चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल, दोन्ही निषाद हाताशी. खमाज राग वाजवायला आणखी काय हवं? विकत घेताना साडेसहावा पडदा आहे ना, हे बघूनच घ्या.

आता जुळवणी. सर्वांत प्रचलित आहे डी-ए-डी. डी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी दोन. तुमच्यापासून लांबची जाड तार खर्जातला सा, साधारण 147 हर्ट्झ. मधली प, 220 हर्ट्झ. तुमच्या अंगाकडची पातळ तार वरचा सा, 294 हर्ट्झ. सा, प, सा. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला समजावून सांगायची गरज नाही. धून फक्त अंगाकडच्या तारेवर वाजते, बाकीच्या दोन मोकळ्या घुमत राहतात. जुनी जुळवणी डी-ए-ए, म्हणजे सा-प-प. तिच्यात सा तिसऱ्या पडद्यावर येतो, आणि तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत सरळ बिलावल मिळतो. सा पडद्यावर असल्यामुळे त्याच्याखालचे स्वरही हाती लागतात. अंगाकडची तार पांढरी एकवर, म्हणजे सी-ला उतरवली की पहिल्या पडद्यापासून आसावरी सुरू होतो. ती पांढरी पाचवर, म्हणजे जी-ला नेली की चौथ्या पडद्यापासून काफी. पडदे तेच, थाट मात्र तारेची खुंटी फिरवून बदलतो. भैरवाला मात्र हे वाद्य दाद देत नाही, कारण कोमल रे आणि त्याच्या पुढचा शुद्ध ग ही उडी या पडद्यांत कुठेच नाही. भूप मात्र डी-ए-डीमध्ये अलगद येतो: 0, 1, 2, 4, 5, 7. आकडे पडद्यांचे, 0 म्हणजे मोकळी तार.

पहिल्याच आठवड्यात तार तुटते, आणि बहुतेकदा कारण एकच असतं. फोनवरचं ट्यूनर नुसतं 'ए' दाखवतं, सप्तक बघायचं राहून जातं. डी-ए-ए जुळवताना पातळ तार 220 वर थांबवायची, ती 440 कडे चढवत नेली की मध्येच तुटते. म्हणून अक्षराबरोबर सप्तकाचा आकडाही दाखवणारं ट्यूनर वापरा. तार आधी थोडी सैल करून खालून वर सुरात आणा. वरून उतरवलेली तार खुंटीत ढिली राहते आणि दोन मिनिटांत घसरते. तारा कुठल्या? वाजणाऱ्या तारेची लांबी 27 इंच असलेल्या वाद्याला पातळ आणि मधली 0.012 इंचाची साधी पोलादी, आणि खर्जाला 0.022 च्या आसपासची गुंडाळलेली. भारतात डल्सिमरच्या तारा सहज मिळत नाहीत, पण गिटारच्या चालतात. फक्त बऱ्याच डल्सिमरांना तारेच्या टोकाला फासा लागतो आणि गिटारच्या तारेला तिथे पितळी मणी असतो. मणी पक्कडीनं दाबून काढून टाका, मागे फासा उरतो.

बऱ्याच वाद्यांत अंगाकडची तार जोडीनं असते. शिकताना त्यातली एक सरळ काढून ठेवा. दोन तारा एका सुरात ठेवायच्या आणि दोन्ही सारख्या दाबायच्या हे नंतर करता येतं.

तारांची उंची तपासायची अमेरिकेतली रीत मजेची आहे. पहिल्या पडद्याला लागून डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं ठेवायचं आणि सातव्या पडद्यावर निकेल, म्हणजे पाच सेंटचं. तार दोन्हीला जेमतेम टेकली पाहिजे. डाइमची जाडी 1.35 मिलिमीटर, निकेलची 1.95. याहून तार उंच असेल तर दाबताना सूर चढतो, नीच असेल तर खरखर येते.

बसायची पद्धत सांगतो. हातांशिवायची खुर्ची घ्या, पावलं जमिनीला टेकलेली. खुंट्यांचं टोक डावीकडे, डाव्या गुडघ्याच्या थोडं पुढे; घोडीचं, म्हणजे तारा पेलणाऱ्या आडव्या पट्टीचं टोक उजव्या मांडीवर, अंगाजवळ. वाद्य घसरतं, म्हणून मांडीवर रबरी जाळीचं कापड घाला, किंवा कमरेभोवती पट्टा बांधा. घसरणारं वाद्य डावा हात सावरत बसतो, आणि मग बोटं मोकळी राहत नाहीत.

आता उजवा हात. पातळ पिक, म्हणजे तार छेडायची चकती घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. जुने वादक पिसाचा दांडा वापरायचे. पडद्यांच्या पट्टीला घोडीपाशी एक खोलगट भाग असतो, त्याच्यावर छेडायचं. त्याच्या डावीकडे गेलात तर पिक पडद्यांना घासते, घोडीला चिकटलात तर आवाज नाकात बोलतो. छेड तिन्ही तारांवरून: एक लांब बाहेर, म्हणजे अंगापासून दूर, मग आखूड बाहेर आणि आखूड आत. अमेरिकन शिक्षक तिला 'बम-डिटी' म्हणतात. आपण 'धा तिट, धा तिट' म्हणू, अगदी तोच वजनाचा हिशेब. पहिला धा थोडा भरीव, तिट हलके. डाव्या हातानं तारा झाकून ठेवा म्हणजे सूर येणारच नाहीत, आणि मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर ठेवून नुसती लय दहा मिनिटं चालवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण इथे बहुतेकांची चूक एकच असते: डावा हात पडद्यावरून पडद्यावर जाताना उजवा थबकतो. उजव्यानं थांबायचंच नाही. डाव्याला उशीर झाला तर तो स्वर सुटू द्या.

मग सुरांवर या. डी-ए-डीमध्ये दुसऱ्या पडद्यापासून: 2 2 2 2, 3 3, 2 2, 1 1, मग 2 2 2 2, 3 3, 2, 1, 0. म्हणजे ग ग ग ग, म म, ग ग, रे रे. ग ग ग ग, म म, ग, रे, सा. तार बोटानं दाबा किंवा नोटरनं. नोटर म्हणजे तीन-चार इंचांचा कठीण लाकडाचा किंवा बांबूचा तुकडा. तो अंगठ्याखाली धरायचा, तर्जनी पट्टीच्या कडेला टेकवून रुळावरून सरकल्यासारखा सरकवायचा. पडद्यावर नाही, दोन पडद्यांच्या मधोमध नाही, पडद्याच्या लगेच डाव्या बाजूला. खरखर आली की बहुतेक वेळा बोट मागे राहिलेलं असतं. सूर चढला तर जोर जास्त झालाय.

मांडीवरच्याचं इतकंच. आता काठ्यांचं वाद्य, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

याच्या आकारमानाचा उल्लेख अपूर्णांकासारखा करतात: 12/11 किंवा 15/14. पहिला आकडा डावीकडच्या मुख्य घोडीवरच्या तारांच्या जोड्यांचा, दुसरा उजवीकडच्या खर्जाच्या घोडीवरच्यांचा. 12/11 म्हणजे 23 जोड्या, 46 तारा. 15/14 मध्ये 58. पहिल्या वाद्यासाठी 12/11 पुरतं, कारण प्रत्येक तार तुम्हालाच जुळवायची आहे.

मुख्य घोडी तारेला दोन आणि तीन अशा भागांत तोडते, लहान भाग डावीकडे. लांबी दोन-तृतीयांश झाली की सूर पंचमानं वर जातो. म्हणजे घोडीच्या उजवीकडे सा असेल तर त्याच तारेच्या डाव्या बाजूला प. आता खालून वर मोजत जा. उजवीकडे सा, रे, ग, म. मग डावीकडे उडी मारा: प, ध, नी, सा. उजवी बाजू पूर्वांग, डावी उत्तरांग! घोडीवर रंगीत खुणा असतात, त्यातली एक सा धरली की चार वर, पलीकडे चार वर, आणि सप्तक पूर्ण. डी-पासून चौथी जोडी जी, आणि तिथेच पुढची खूण. मध्यमाला सा केलं की नवं सप्तक, हा जुना आपला उद्योग इथे घोडीवरच रंगवून ठेवला आहे. संतूरमध्ये घोड्या सुट्या असतात, एकेकीवर चार तारा, त्यामुळे रागाप्रमाणे जुळवता येतं. डल्सिमरची घोडी सलग, म्हणून स्वरांची ठेवण पक्की.

आता नेमकं कुठे मारायचं? मधल्या पट्ट्यात दोन प्रकारच्या तारा एकमेकींतून जातात. मुख्य तारा डावीकडे, आपल्या घोडीपाशी उंच असतात आणि उजवीकडे खाली जातात. खर्जाच्या तारा उजवीकडे उंच, आणि डावीकडे मुख्य घोडीच्या भोकांतून खालून जातात. म्हणून मुख्य तारेवर मारायचं तर तिच्या घोडीपासून इंच-दीड इंचावर, खर्जावर मारायचं तर खर्जाच्या घोडीपासून तेवढ्याच अंतरावर. मधोमध मारलंत तर दोन्ही तारा वाजतात. 'एक सूर मारतोय पण दोन येतात' ही तक्रार आली की आधी हे बघायचं.

काठी तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये, वरून अंगठा हलका. पकड इतकी सैल की काठी तारेवरून आपोआप उसळून परत यावी. घट्ट धरली की तारेवर टेकून राहते आणि नुसता 'थप्' येतो. वाद्याची रुंद बाजू आपल्याकडे, स्टँडवर तिरकं, उंची अशी की कोपरापासून हात साधारण आडवा राहील.

हातांचा क्रम आधीच ठरवायचा: उजवा, डावा, उजवा, डावा. सम उजव्यावर. धून बसवताना प्रत्येक स्वराखाली कागदावर 'उ' आणि 'डा' लिहा. हे न करणाऱ्यांचा एखाद्या उडीत हातावर हात पडतो. तसं झालं तर दोन उपाय. एक, त्याच हातानं दोनदा मारून क्रम बदलणे. दुसरा, तोच स्वर दुसऱ्या जागी शोधणे. डी-च्या पलीकडे डावीकडे जो ए आहे, तोच ए मुख्य घोडीच्या उजवीकडेही वर कुठेतरी सापडतो. या जुळ्या जागा ज्याला पाठ, त्याच्या काठ्या अडखळत नाहीत.

जुळवणीला चिकाटी हवी. खुंट्या उजवीकडे, पाना लावून फिरवायच्या. पाना लावलात की आधी ती तार बोटानं छेडून ऐका, मगच फिरवा. शेजारची खुंटी चुकून फिरवून तार तोडणं हा या वाद्याचा नेहमीचा अपघात. जोडीतली एक तार नमद्याच्या तुकड्यानं झाका, दुसरी ट्यूनरवर लावा. मग नमदा काढून झाकलेली तार कानानं तिच्याशी मिळवा. दोघींमधली 'वाँव-वाँव' लाट हळूहळू मंद होत थांबली की झालं. मुख्य घोडीची उजवी बाजू जुळवली की डावी आपोआप पंचमात यायला हवी. सगळीच डावी बाजू चढलेली आली तर घोडी डावीकडे सरकली आहे. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. टोकाला लाकडाचा तुकडा लावून हलके ठोका, केसभर उजवीकडे, आणि पुन्हा ऐका. म्हणूनच सगळ्या तारा एकदम सैल करायच्या नाहीत. बदलायच्या तर एक काढून एक लावायची.

हवा दमट झाली की तबली, म्हणजे वरची पातळ फळी फुगते आणि सूर चढतात, कोरड्या हवेत उतरतात. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा शिकागोच्या हीटर लावलेल्या घरात महिनाभरानं वाद्य उघडलंत तर लगेच खुंट्यांना हात लावू नका. वाजवायच्या खोलीत तासभर उघडं राहू द्या, मग पाना काढा.