चाकूच्या मुठीला अंजन

मंडळी, अंजन आणि अंजनी या दोन झाडांची गल्लत होते, म्हणून ते आधी सांगतो. अंजनी म्हणजे सह्याद्रीतलं निळ्या-जांभळ्या फुलांचं लहान झाड. आपण बोलतोय ते खानदेश-सातपुड्याच्या कोरड्या टेकड्यांवरच्या अंजनाबद्दल, ज्याचा पाला गुरांना घालतात. त्याचा गाभा गडद तांबूस, कधी जवळजवळ काळा. वाळलेला तुकडासुद्धा पाण्यात टाकला की तळाला जातो. मात्र एवढ्यावरून लाकूड ओळखू नका, ओली असताना बरीच लाकडं बुडतात.

कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा किंवा तिवसाचा करतात, कारण तिथे घाव बसतो आणि लाकूड चिवट लागतं. चाकूच्या मुठीवर घाव बसत नाही. तिला पाणी, तेल, घाम सोसायचा असतो आणि आकार धरून ठेवायचा असतो. अंजन कठीण आहे, पण धावड्याइतकं लवचीक नाही. दांड्याला मी ते सुचवणार नाही, मुठीला जरूर सुचवेन.

अडचण वजनाची. पात्याची शेपूट, म्हणजे मुठीत जाणारा भाग, मधे आणि दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, अशी मूठ घ्या. घासून गोल केल्यावर दोन्ही पट्ट्या मिळून साधारण 50 घन सेंटिमीटर लाकूड उरतं. सागाचं असेल तर ते 33 ग्रॅमच्या आसपास भरतं, अंजनाचं 60 पर्यंत. पातळ पात्याच्या भाजीच्या सुरीला हा फरक लगेच जाणवतो. तोल मुठीकडे जातो आणि टोक वर उचललं जातं. त्यावर उपाय म्हणजे पात्याला पाणी देण्याआधीच, म्हणजे तापवून-विझवून कठीण करण्याआधीच, शेपटीत मोठी भोकं पाडून पोलाद कमी करणं. जाड पात्याच्या चाकूला काही करावं लागत नाही.

तुकडा निवडताना सालीलगतचं पांढरं लाकूड पूर्ण काढून टाका, कीड तिथे लागते. गाभ्याचा मध्यबिंदूही नको, चीर तिथून सुटते. रेषा मुठीच्या लांबीने सरळ धावायला हवी. दोन्ही पट्ट्या एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापा, म्हणजे रंगही जुळतो आणि फुगणं-आकसणंही सारखं होतं. माप 120 × 40 × 10 मिलिमीटर ठेवा. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण लावा. आडव्या कापातून पाणी झपाट्याने निघतं आणि भेगा पडतात त्या तिथेच. मग सावलीत, मधे काड्या घालून रचा. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि लागोपाठ दोनदा ग्रॅमचाही फरक आला नाही की लाकूड तयार समजा. घाई केली तर मूठ पुढे आकसते आणि नख फिरवलं की पोलादाची कड लागते.

या लाकडाच्या रेषा एकमेकांत गुंतलेल्या असतात, रंधा मारला की कपचे निघतात. कानस आणि खरवडणी वापरा. ड्रिल मंद फिरवा आणि दर दोन-तीन मिलिमीटरला बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर भोक करपतं. पट्ट्या शेपटीला धरून ठेवणारा पितळी खिळा 5 मिलिमीटरचा असेल तर भोक 5.2 चं पाडा. खिळा हाताने सरकायला हवा. हातोडीने ठोकून बसवला तर अंजन दबत नाही, तडकतं. चिकटवण्याआधी दोन्ही बाजू 80 नंबरच्या पॉलिश कागदाने खरखरीत करून ॲसिटोनने पुसा. सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या आणि क्लॅम्प बेताने आवळा. फार आवळलं की डिंक सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर (बेल्ट ग्राइंडर) घासताना खिळा तापला तर त्याभोवतीचं इपॉक्सी सुटतं. बोटाला चटका बसायच्या आत थांबा. भुसा बारीक उडतो, मास्क लावा.

माल कुठून आणायचा? उभं झाड नको. अंजन, खैर, तिवस ही झाडं तोडायला 1964 च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते. जुन्या घराची तुळई किंवा मोडलेल्या बैलगाडीचा भाग मिळाला तर उत्तमच, वर्षानुवर्षं वाळलेला असतो. करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत खिळे असतात.

शेवटी 400 पर्यंत घासून जवसाचं तेल लावा: पातळ हात, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसायचं, आणि पुढचा हात आधीचा सुकल्यावर. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.