एन, एर, झी : एका फ्रेंच रेडिओची गोष्ट

पॅरिसच्या ईशान्येला, बेलव्हिलच्या टेकडीवर, तेलेग्राफ नावाचा रस्ता आहे. १७९० च्या दशकात क्लोद शाप यांनी लाकडी हात हलवून दूरवर संदेश पोचवणाऱ्या आपल्या यंत्राचे प्रयोग याच उंचवट्यावर केले, म्हणून त्याला हे नाव पडले. १९८१ साली याच रस्त्यावरच्या एका लहानशा खोलीतून एक नवे केंद्र वाजू लागले. जागेची निवड चोख होती, कारण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि प्रक्षेपकाला उंची मिळाली की अर्धे काम होते.

केंद्राचे नाव होते तीन अक्षरांचे. NRJ. फ्रेंच उच्चाराप्रमाणे ती ओळीने म्हणा : एन, एर, झी. झाला ‘एनेर्झी’, म्हणजे ऊर्जा. संस्थापक झाँ-पॉल बोद्क्रू हे ओठांवरून न पुसली जाणारी लिपस्टिक बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाचे चिरंजीव. टिकणाऱ्या मालाची पारख घरातच असावी.

फ्रान्समध्ये युद्धानंतर नभोवाणीवर सरकारची मक्तेदारी होती. आरटीएलसारखी खासगी केंद्रे आपले प्रक्षेपक सीमेपलीकडे, लक्झेंबर्गसारख्या ठिकाणी उभारून फ्रेंच श्रोत्यांपर्यंत पोचत, आणि देशात चोरून प्रक्षेपण करणाऱ्यांवर पोलीस धाडी घालत. १९७९ मध्ये अशाच एका बेकायदा केंद्रावरून बोलल्याबद्दल खुद्द फ्राँस्वा मितराँ यांच्यावर ठपका ठेवला गेला होता. तेच मितराँ मे १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि नोव्हेंबरमध्ये कायद्याने ‘मुक्त रेडिओं’ना वाट करून दिली, मात्र जाहिरात करायची नाही, ही अट कायम राहिली.

पॅरिसच्या एफएम पट्ट्यावर मग एकच झुंबड उडाली. एफएमचा स्वभाव असा की एकाच किंवा अगदी लगतच्या वारंवारतेवरच्या दोन केंद्रांत जे अधिक जोरदार, तेच ऐकू येते आणि दुसरे बहुतांशी दबून जाते. त्यामुळे ज्याच्या प्रक्षेपकात जोर, त्याचाच पट्टा, हा न्याय रूढ झाला. ऑगस्ट १९८४ मध्ये जाहिरातींना परवानगी मिळाली, तेव्हा केवळ हौसेवर किंवा विचारांवर चालणारी केंद्रे मागे पडली आणि लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्यांचे दिवस आले.

त्याच वर्षअखेरीस नियंत्रक मंडळाने मर्यादेपेक्षा जास्त शक्ती वापरल्याबद्दल एनएरझीसह काही केंद्रांवर तात्पुरत्या बंदीचा बडगा उगारला. केंद्राने आपल्या श्रोत्यांना हवेवरूनच साद घातली, आणि ८ डिसेंबर १९८४ रोजी, शनिवारी, लाखाहून अधिक तरुण पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. त्यांच्यासोबत गायिका दालिदाही होती. घोषणा स्वातंत्र्याच्या होत्या. वाचवायचे होते ते मात्र जाहिरातींवर चालणारे, नियम मोडणारे केंद्र. हा विरोधाभास त्या गर्दीला जाणवला नसावा. सरकार नमले आणि एनएरझी चालू राहिली.

पुढचा प्रवास व्यापाराचा आहे. गावोगावची केंद्रे जाळ्यात आली, १९८७ मध्ये शेरी एफएम हे भावंड जन्मले. १९९६ पासून गाण्यांच्या प्रसारणात किमान ४० टक्के वाटा फ्रेंच गाण्यांना देण्याची कायदेशीर सक्ती झाली; अमेरिकी आणि ब्रिटिश हिट गाण्यांवर पोसलेल्या केंद्राला ती जाचक वाटली, तरी तिच्यामुळे नव्या फ्रेंच गायकांना दार उघडले. जानेवारी २००० मध्ये कान शहरात केंद्राचा स्वतःचा संगीत पुरस्कार सोहळा सुरू झाला.

आणि २००२ मध्ये, श्रोत्यांच्या मोजणीत, तेलेग्राफ रस्त्यावरच्या त्या खोलीतून निघालेल्या आवाजाने आरटीएलला मागे टाकले.