'डिव्होट' : नवसातून आलेलं क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार. अमक्या गायिकेनं आयुष्य संगीताला 'डिव्होट' केलं, असं इंग्रजीत सर्रास म्हणतात. आपण 'वाहून घेतलं' असा अर्थ लावतो आणि तो बरोबरच आहे. पण या क्रियापदाच्या मुळाशी चक्क नवस आहे. लॅटिनमध्ये 'व्होव्हेरे' म्हणजे नवस बोलणं. इंग्रजीतला 'व्हाउ' त्यातूनच आला, आणि मतदानाचा 'व्होट'सुद्धा. त्याला 'डे' जोडून झालं 'डेव्होव्हेरे', म्हणजे देवाच्या नावानं पुरतं सोडून देणं.

काय सोडून द्यायचं? कधी कधी स्वतःचा जीव. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, इ. स. पूर्व ३४० मध्ये व्हेसुव्हियस पर्वताजवळच्या लढाईत रोमन फौजेची डावी बाजू मागे हटू लागली. तिथला सेनापती पब्लियस डेसियस मुस यानं पुरोहिताला हाक मारली. काठाचा झगा अंगावर घेतला, डोकं झाकलं, झग्याखालून हात काढून हनुवटीला लावला आणि जमिनीवर ठेवलेल्या भाल्यावर तो उभा राहिला. पुरोहित सांगेल तसा मंत्र म्हणत त्यानं शत्रूच्या सैन्यासकट स्वतःला पाताळातल्या देवांच्या आणि धरणीमातेच्या हवाली केलं. मग घोड्यावर उडी मारून तो थेट शत्रूत घुसला. तो पडला, रोमन जिंकले. पुढे इ. स. पूर्व २९५ मध्ये सेंटिनमच्या रणांगणावर त्याच्या मुलानंही हेच केलं.

मला खरा हादरा बसतो तो यातल्या एका नियमानं. सेनापतीनं आपल्याऐवजी एखाद्या सैनिकाला असं सोडलं आणि तो जिवंत राहिला, तर त्याची सात फूट किंवा त्याहून मोठी प्रतिमा जमिनीत पुरायची. देवाचं देणं चुकवायची सोयच नव्हती.

साधे नवसही रोमन लोक काटेकोरपणे फेडत. ब्रिटनमध्ये त्यांच्या सैनिकांनी उभारलेल्या दगडी वेदी सापडतात. अनेकींवर शेवटी ठरावीक चार अक्षरं कोरलेली असतात. अर्थ असा : नवस फेडला, आनंदानं, देवाच्या योग्यतेला साजेसा. त्यांचंही क्रियापद कर्ज फेडण्याचंच, अगदी आपल्यासारखं!

इंग्रजीत 'डिव्होट' सोळाव्या शतकात रुळलं, तेव्हा ही धार शाबूत होती. १६११ च्या इंग्रजी बायबलात लेवीय पुस्तकात 'डिव्होटेड' वस्तूबद्दल सांगितलंय : ती विकायची नाही, मोल देऊन सोडवायची नाही. म्हणून मला 'समर्पित'पेक्षा आपलं 'वाहिलेलं' अधिक नेमकं वाटतं. देवाला वाहिलेलं फूल आपण परत घेत नाही.