बॅटरी संपायच्या आत: 'सुपर मारिओ वर्ल्ड'ची कॅसेट

(दृश्य: टेबलावर करड्या रंगाची व्हिडिओ गेमची कॅसेट. स्क्रूचा क्लोज-अप.)

या स्क्रूला घरातला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. डोक्यावर खाचच नाही, कडेला सहा कंगोरे आहेत. त्यावर बसणारा 3.8 मिलिमीटरचा बिट वेगळा मागवावा लागतो. कॅसेट कुणी उघडू नये, अशीच ती बनवणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीची इच्छा होती. आपण उघडतोय.

(दृश्य: झाकण बाजूला. सर्किट बोर्ड.)

'सुपर मारिओ वर्ल्ड' जपानमध्ये 21 नोव्हेंबर 1990 रोजी आला. तो अख्खा खेळ, म्हणजे सगळे किल्ले, भुतांची घरं, मारिओ ज्याच्यावर स्वार होतो तो डायनोसॉर योशी आणि संगीत, या एका काळ्या चिपमध्ये आहे. 512 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा यात मावणार नाही. दुसरी चिप कुलपाची. कन्सोलमधल्या, म्हणजे कॅसेट लावायच्या यंत्रातल्या, तिच्या जोडीदाराशी ओळख पटली तरच खेळ सुरू होतो.

आता या कोपऱ्यातल्या लहान चिपकडे बघा. ही 2 किलोबाइटची. खेळणाऱ्याने जे काही मिळवलं ते इथे राहतं. पण वीज गेली की ही चिप सगळं विसरते. म्हणून शेजारी ही नाण्याएवढी बॅटरी, सीआर 2032.

कन्सोल चालू असताना चिपला वीज कन्सोलच देतो, बॅटरीवर भार येत नाही. कॅसेट कपाटात पडून असते तेव्हा मात्र चिप बॅटरीवरच जगते. म्हणजे जपून ठेवलेली कॅसेटही आतून झिजतच असते. तीस वर्षं उलटूनही काही बॅटऱ्या टिकल्या आहेत, हे नवलच. बॅटरी संपताना कसलाही इशारा मिळत नाही. एक दिवस कॅसेट लावावी, तर तिन्ही फाइलींपुढे 'एम्प्टी'.

(दृश्य: जुन्या काचेच्या टीव्हीवर फाइल निवडायचा पडदा. 'मारिओ ए', पुढे तारा आणि 96.)

हिची बॅटरी अजून शाबूत आहे. हा तारा नीट बघा. खेळातल्या टप्प्यांमधून बाहेर पडायच्या एकूण 96 वाटा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच लपवलेल्या. सगळ्या सापडल्या, तरच आकड्याशेजारी तारा येतो.

(दृश्य: योशीवर उडी. आवाज मोठा.)

इथे मी गप्प बसतो. कान देऊन ऐका.

ऐकलंत? मारिओ योशीवर बसला आणि त्याच धूनमध्ये बोंगो वाजायला लागले. उतरला, बोंगो बंद. संगीतकार कोजी कोंडो. त्यांनी या खेळात एकच धून किती तऱ्हांनी फिरवली आहे! मोकळ्या मैदानात ती बागडते, पाण्याखाली झुलते, गुहेत दबकत चालते. वर्षानुवर्षं खेळणाऱ्या कितीतरी जणांना हे वेगवेगळं संगीत वाटत आलंय. आणि योशी? मारिओला स्वारी द्यायची त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांची इच्छा जुनीच होती, आधीच्या यंत्राला ते पेलणारं नव्हतं.

(दृश्य: नकाशा हिरव्याचा तांबूस-पिवळा होतो.)

'स्पेशल वर्ल्ड' या खास विभागाचे आठही टप्पे पार केले की नकाशावर पानगळ येते. काही शत्रू मारिओचे मुखवटे घालून फिरू लागतात. हा बदलही त्याच 2 किलोबाइटमध्ये नोंदलेला असतो.

(दृश्य: 1985 चा खेळ. ढग आणि झुडूप, पडदा दुभागून.)

पाच वर्षं मागे जाऊ. 'सुपर मारिओ ब्रदर्स', एकूण 40 किलोबाइट. डावीकडचा ढग आणि उजवीकडचं झुडूप यांचा आकार ताडून बघा. चित्र एकच, फक्त रंग बदललाय. नवं चित्र ठेवायला जागा होतीच कुठे? या कॅसेटमध्ये बॅटरी नाही, म्हणून जपून ठेवायलाही काही नाही. हरलात की पहिल्यापासून. अर्थात चोरवाट होती: सुरुवातीच्या पडद्यावर 'ए' दाबून धरायचं आणि 'स्टार्ट' मारायचं, की हरलो त्या वर्ल्डच्या सुरुवातीला हजर. पण हे कन्सोल बंद करेपर्यंतच.

(दृश्य: सोल्डरिंग आयर्न. धूर. पत्र्याचा पाय सुटतो.)

आता बॅटरी बदलू. थेट आयर्न हातात घ्यायचं नाही. आधी कॅसेट रीडरला, म्हणजे ती वाचून संगणकाला देणाऱ्या यंत्राला, लावून फाइलची नक्कल संगणकावर उतरवायची, कारण बॅटरी सुटली की चिप कोरी. ही बघा, उतरली.

मग जुनी बॅटरी. तिच्या पत्र्याच्या पायांवरचं कथील वितळवायचं आणि पाय अलगद उचलायचा. ओढायचं नाही. ओढलं तर बोर्डावरची तांब्याची वाट उखडते. नवी बॅटरी पाय जोडलेलीच विकत घ्यायची. उघड्या बॅटरीवर सोल्डर करणं धोक्याचं; आत लिथियम आहे, तापलं की फुटू शकतं. धन आणि ऋण बाजू बोर्डावर छापलेल्या आहेत, त्या बघूनच बसवायची. मीटर लावला: 3 व्होल्टच्या किंचित वर. झालं.

बोर्ड बाहेर आलाच आहे, तर सोनेरी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेऊ. फुंकर मारणाऱ्यांनी हा बोळा बघावा, किती काळा झालाय! फुंकरीने गेम चालायचा असं सगळेच सांगतात. चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पिनांना गंज चढवतो, एवढंच.

(दृश्य: नक्कल परत कॅसेटवर. पुन्हा फाइलचा पडदा.)

तारा आणि 96, जागच्या जागी.

1996 च्या 'सुपर मारिओ 64'ला ही कटकट नाही. त्याची नोंद 512 बाइटच्या अशा चिपवर होते, जिला बॅटरी लागतच नाही. ती कॅसेट आम्ही उघडलेली नाही, म्हणून इथे दिसणार नाही. निन्टेन्डोच्या नंतरच्या 'वी' या कन्सोलचं ऑनलाइन दुकान जानेवारी 2019 मध्ये बंद झालं, 'वी यू' आणि '3डीएस' या कन्सोलांचं मार्च 2023 मध्ये. तिथे हे जुने खेळ विकत मिळायचे.

बाकी एकच सांगायचं. तुमच्याकडे अशी कॅसेट असेल आणि ती अजून फाइल दाखवत असेल, तर स्क्रू नंतर उघडा, नक्कल आज काढा.