सिनेमा शिकायचा तर चौघांनी

श्रोतेहो, नमस्कार.

पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक म्हणजे बी.ए., बी.एस्सी., क्वचित इंजिनिअर झालेली मुलंमुली. त्यांना सिनेमा शिकायचा असतो. दुसरे त्यांचे आईवडील. मी त्यांच्या पोराची समजूत काढावी, अशी त्यांची अपेक्षा असते. मी सिनेमात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, अधूनमधून शिकवायलाही जातो, म्हणून ही वर्दळ. मुलांना विचारावं, बाबा रे, सिनेमातलं काय शिकायचंय? उत्तर ठरलेलं, "डिरेक्शन." एखादा कॅमेरा म्हणतो. "मला आवाज शिकायचाय" असं म्हणत आलेलं पोर अजून माझ्या दारात उभं राहायचंय.

आज पदवीनंतरच्या सिनेमाच्या शिक्षणाबद्दल बोलायचंय, आणि मला त्यातलं एकच सांगायचंय. हे शिक्षण एकट्याला घेता येत नाही. कॅमेरा मोबाइलमध्ये आहे, संकलनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, व्हिडिओवर धडे आहेत, मग दोन-तीन वर्षं कशाला घालवायची, असं हल्ली सगळेच विचारतात. यंत्र चालवायला शिकायचं असेल तर खरंच घालवू नका. दुसऱ्याच्या सिनेमासाठी आपलं काम चोख करायला मात्र मोबाइल शिकवत नाही. त्याला माणसं लागतात.

२०२४ सालचं उदाहरण घ्या. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'ला सिनेफ' नावाचा विभाग असतो, फिल्म स्कूलमधल्या विद्यार्थ्यांच्या सिनेमांसाठी. जगभरातल्या ढिगातून त्या वर्षी १८ लघुपट निवडले गेले आणि पहिलं बक्षीस आलं पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला. गावातली एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात उजाडायचंच थांबतं, अशी कन्नड लोककथेवर बेतलेली गोष्ट. दिग्दर्शक चिदानंद नाईक, मूळचे डॉक्टर, एमबीबीएस झालेले. बातम्यांचे मथळे त्यांच्या नावाचे होते, ते साहजिकच. पण हा लघुपट म्हणजे टीव्ही विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातला शेवटचा स्वाध्याय होता. त्याची अटच अशी की दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन आणि ध्वनी, चारही विषयांचे विद्यार्थी मिळून एक काम करतील. कॅमेरा सूरज ठाकूर यांचा, संकलन मनोज व्ही. यांचं, ध्वनी अभिषेक कदम यांचा. चित्रीकरण चार दिवसांत उरकलं. ज्याला सेटवरचे चार दिवस म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला कळेल की चौघांची भाषा आधीच एक झालेली असल्याशिवाय हे होत नाही. तिथं समजावून सांगायला वेळच नसतो.

"दादासाहेब फाळके कुठल्या शाळेत गेले होते?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतो. गेले होते की! मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला, मग बडोद्याचं कलाभवन. पुढे छायाचित्रण आणि छपाईचा धंदा केला. आणि हे सगळं अंगात असूनही १९१२ साली ते लंडनला गेले, तिथल्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, त्याच्या ओळखीनं इंग्रज निर्माता सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि कॅमेरा घेऊन परत आले. परतल्यावर लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी एक स्वाध्याय केला. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी रुजून वेल वर चढताना दिसली, तेव्हा भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. माझ्या मते आपल्याकडचा पहिला विद्यार्थीपट तोच. आजच्या कुठल्याही फिल्म स्कूलनं पहिल्या सत्रात द्यावा असा.

मग कोल्हापूर. बाबूराव पेंटरांच्या फिल्म कंपनीत शिकणं म्हणजे पडदे रंगवण्यापासून कॅमेऱ्याचे भाग कानशीनं घासण्यापर्यंत पडेल ते करणं. तिथं तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या मंडळींनी १९२९ साली सीताराम कुलकर्ण्यांच्या साथीनं 'प्रभात' काढली आणि १९३३ साली ती पुण्याला आणली. त्यातले विष्णुपंत दामले माझे खास. कारण बोलपट आल्यावर 'प्रभात'मधली ध्वनीची बाजू त्यांनी सांभाळली. फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित करणारे दामले ते हेच. तो १९३६ चा बोलपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला. म्हणजे ध्वनिमुद्रकाचा दिग्दर्शक होऊ शकतो, हे ज्यांना "डिरेक्शन"शिवाय काही नको असतं त्यांनी ऐकून ठेवावं.

'प्रभात' बंद पडली. तिकडे सरकारनं नेमलेल्या स. का. पाटील समितीनं १९५१ सालच्या अहवालात चित्रपटशिक्षणाची संस्था हवी, असं सुचवलं होतं. तीच आजची एफटीआयआय. ती १९६० साली निघाली आणि लॉ कॉलेज रोडवरच्या 'प्रभात'च्याच आवारात थाटली. कोल्हापूरच्या उमेदवारीची परंपरा आणि सरकारी अभ्यासक्रम असे एका कुंपणात आले. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. संग्रहालयाचे प्रमुख पी. के. नायर तिथं फिल्मचे डबे गोळा करत आयुष्यभर बसले. सिनेमा शिकणाऱ्याला पाहायला सिनेमा लागतो, तो असा हाताशी आला.

आता शिकवतात कसं? दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी असे विषय वेगळे, पण स्वाध्याय एकत्र. आधी साधी सलगता. माणूस दारातून आत आला, खुर्चीत बसला, एवढंच. पण तीन शॉटमध्ये आणि झटका न बसता. मग संवादाचा प्रसंग, आणि शेवटी डिप्लोमा फिल्म. माझ्या पिढीनं हे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर केलं. हिशेब सांगतो. एका मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. दहा मिनिटांच्या सिनेमासाठी ९०० फूट लागणार आणि मिळणार त्याच्या तीन-चार पट. म्हणजे प्रत्येक शॉटचे सरासरी तीन-चार टेक, संपलं. त्यामुळे तालमी होत. कॅमेरामन आणि दिग्दर्शक आदल्या रात्री कागदावर भांडून घेत. आता कार्डावर तासन्‌तास चित्रण मावतं. भांडण होतच नाही, ते संकलकाच्या टेबलावर ढकललं जातं. दहा मिनिटांच्या सिनेमासाठी चार तासांचं चित्रण घेऊन आलेला विद्यार्थी मला दिसतो, तेव्हा मी त्याच्या संकलकाचा चेहरा बघतो.

उलट टोकाची गोष्ट मॉस्कोची. जगातली पहिली सिनेमाची शाळा तिथं १९१९ साली निघाली, क्रांतीनंतरच्या टंचाईत. कच्ची फिल्मच मिळेना. तेव्हा लेव्ह कुलेशोव्ह नावाचा तरुण शिक्षक विद्यार्थ्यांकडून 'फिल्मशिवायचे सिनेमे' करून घ्यायचा. रंगमंचावर एकेक तुकडा उभा करायचा, जणू शॉटच, आणि तुकड्याला तुकडा जोडत जायचं. मोबाइलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घेऊ, असं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. त्यांना ती आवडत नाही.

आता थोडं माझ्या खात्याचं. सेटवर सगळ्यात आधी कुणाला हाक मारतात? नटाला नाही. आधी "साउंड", त्यावर आमचं "रोलिंग". मग कॅमेरा, मग क्लॅप, आणि शेवटी ॲक्शन. आणि प्रसंग संपला, जेवणाची सुट्टी झाली, सगळे उठायला लागले, की आमच्यातला एक जण ओरडतो, "कुणी हलू नका, रूम टोन!" मग युनिटमधली सगळी माणसं अर्धा-एक मिनिट पुतळ्यासारखी उभी. त्या खोलीची शांतता आम्ही मुद्रित करतो. ती कशाला, तर प्रत्येक खोली गप्प असतानाही वेगळी वाजते. रेडिओवर हे दाखवता येईल. मी पाच सेकंद बोलत नाही. ऐका.

(पाच सेकंद शांतता)

या स्टुडिओच्या भिंतींना आवाज पिणारं अस्तर आहे, त्यामुळे माझ्याकडून तुम्हाला जवळजवळ काहीच आलं नसणार. तुम्हाला ऐकू आला असेल तुमच्याच घरातला पंखा, नाहीतर शेजारच्या कुकरची शिट्टी. सिनेमात दोन शॉट जोडताना, मधला खोकला किंवा दिग्दर्शकाची सूचना कापून टाकताना, तिथं भोक पडतं. ते त्याच खोलीच्या शांततेनं बुजवावं लागतं. दुसऱ्या खोलीची चालत नाही, कान लगेच पकडतो. दिग्दर्शन शिकणाऱ्या मुलांना हा अर्धा मिनिट भारी जड जातो. उन्हं उतरतायत, शॉट राहिलेत, आणि हा साउंडवाला कसली शांतता भरून घेतोय! म्हणून चांगल्या शाळेत सुरुवातीच्या स्वाध्यायांत सगळ्यांना सगळीकडे फिरवतात. उद्याच्या दिग्दर्शकानं आज दुसऱ्याच्या सिनेमासाठी बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, धरायचा. हात वर ताणून, चौकटीत काठी आणि सावली येऊ न देता, नट वळला की त्याच्याबरोबर वळून. एकदा खांदे भरून आले की पुढं जन्मात तो रूम टोनच्या वेळी घड्याळ बघत नाही.

आता संस्था निवडायची कशी. पुण्याखेरीज केंद्र सरकारची दुसरी मोठी संस्था कोलकात्याची, सत्यजित राय यांच्या नावाची, १९९५ पासूनची. दिल्लीला जामिया मिल्लियाचं जनसंवाद केंद्र आहे, अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई-पुण्यात खासगी संस्था भरपूर, आणि त्यांची फी लाखांच्या घरात. माहितीपत्रकातला चकचकीत स्टुडिओ बघून भुलू नका. तिथल्या मुलांना गाठा आणि एकच विचारा, तुमच्या प्रोजेक्टचा आवाज कोण करतं? दिग्दर्शनाच्या वर्गात चाळीस मुलं आणि ध्वनीच्या वर्गात दोन, असा प्रकार मी पाहिलाय. मग काय होतं, ध्वनिमुद्रक बाहेरून भाड्यानं आणतात. मीही असा भाड्यानं गेलोय. पैसे मिळाले, काही हरकत नाही. पण ती मुलं माझ्याशी भांडत नव्हती, मला "सर" म्हणत होती. जे शिकायला पैसे भरले होते तेच राहून गेलं.

आणि मोठं नाव नाही म्हणून संस्था टाकाऊ असंही नाही. नागराज मंजुळे अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन, म्हणजे कम्युनिकेशन, शिकायला गेले, पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाल्यावर. तिथं शिकतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. करमाळ्याजवळच्या जेऊरच्या मुलाला ज्या गोष्टी ठाऊक होत्या, त्या सांगायला नगर पुरलं.

प्रवेशाचं म्हणाल तर मोठ्या संस्थांत लेखी परीक्षा असते, मग मुलाखत. पदवी कुठल्याही शाखेची चालते, काही विषयांना जादा अटी असतात, त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघाव्यात. मुलाखतीला पोरं परदेशी दिग्दर्शकांची नावं पाठ करून येतात आणि तिथंच फसतात. मी बसलो होतो अशा एका मुलाखतीत सांगोल्याकडच्या मुलीला आम्ही विचारलं, तुझ्या गावात पहाटे पहिला आवाज कशाचा येतो? ती म्हणाली, "आमच्याकडं पहाट आवाजानं होतच नाही. थ्री-फेज लाइट रात्री येते, त्यामुळं मोटारी रात्रभर चालू असतात. लाइट गेली, मोटारी एकदम गप्प झाल्या, की आजी उठते." मुलाखत घेणाऱ्या आम्हा चौघांनाही पुढचा प्रश्न सुचेना. तिनंही अर्ज दिग्दर्शनाचाच केला होता, बरं का.

राहता राहिला वडिलांचा प्रश्न. नोकरीचं काय? सिनेमात नोकरी अशी नसतेच, काम असतं, आणि ते ओळखीच्या माणसाकडून येतं. शाळेत ज्याच्या सिनेमाचा आवाज तुम्ही नीट केलात, तो दहा वर्षांनी फोन करतो. तोवर रोजच्या मालिका आहेत. गोरेगावची चित्रनगरी, ठाण्याचा घोडबंदर रोड, साताऱ्या-वाईकडचे वाडे, सगळीकडे बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालू असतात. शिवाय माहितीपट, जाहिराती, वेब मालिका, ऑडिओबुकं. डिरेक्शनला येणाऱ्यांच्या रांगा लागतात, पण चांगला बूम धरणारा माणूस महिन्याच्या कुठल्याही तारखेला सापडत नाही. तेव्हा अर्ज भरताना विषयांचा पसंतीक्रम विचारला असेल, तर दुसरा रकाना मोकळा सोडू नका. आणि ज्यांना तीन वर्षं देण्याआधी चव घेऊन बघायचीय, त्यांच्यासाठी पुण्यात काही आठवड्यांचा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम चालतो. तिथं बँकेतले लोकही येतात, शिक्षकही येतात. आईवडिलांनीसुद्धा यायला हरकत नाही.

नमस्कार.